ब्रिटनमधलं मेडिकल: आधी हिशेब, मग यूकॅट, मग चार नावं

सांगलीच्या एका पालकांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, महाराष्ट्र बोर्ड, दहावीला ९४ टक्के. इंटिग्रेटेड क्लास लावला आहे, नीटची तयारी सुरू आहे, पण तिच्या मनात ब्रिटनमध्ये मेडिकल करायचं आहे. तिचे मामा बरीच वर्षं लेस्टरला असतात. पुण्यातल्या एका शिक्षणमेळ्यात एका सल्लागाराने ‘सीट पक्की करून देतो, परीक्षेची भानगड नाही’ असं सांगून टोकन मागितलं. पालक विचारतात: टोकन भरू का? मामांकडे राहिली तर फी कमी होईल का? नीट सोडली तर चालेल का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

सप्रेम नमस्कार.

टोकन भरू नका. ब्रिटनमधल्या सरकारी विद्यापीठांत मेडिकलची सीट कुणी बाहेरचा माणूस पक्की करून देऊ शकत नाही. तिथे मॅनेजमेंट कोटा नाही आणि डोनेशनही नाही. अर्ज जवळपास सगळीकडे यूकास या सामायिक प्रवेश-खिडकीतून जातो, यूकॅट ही प्रवेश परीक्षा जवळपास सगळीकडे द्यावीच लागते आणि मुलाखतीशिवाय ऑफर येत नाही. सल्लागाराने अर्ज भरायला मदत केली तर त्याला हरकत नाही, पण तो ‘परीक्षेशिवाय’ म्हणत असेल तर बहुतेक वेळा तो बायोमेडिकल सायन्स किंवा फाउंडेशन इयर, म्हणजे पदवीच्या आधीचं तयारीचं वर्ष, विकत असतो. त्यातून पुढे मेडिकलला जायची वाट अरुंद आहे, परदेशी मुलांसाठी तर फारच. कोर्सचं नाव आणि शेवटी मिळणारी पदवी कागदावर लिहून मागा. एमबीबीएस, एमबीसीएचबी, बीएमबीएस, एमबीबीचिर ही एकाच पदवीची विद्यापीठागणिक वेगळी रूपं आहेत. ऑक्सफर्डची बीएमबीसीएच आणि कार्डिफची एमबीबीसीएच हीही तीच पदवी. असं एकही नाव कागदावर नसेल तर तो डॉक्टरकीचा कोर्स नव्हे.

मामांचा प्रश्न. फी विद्यार्थिनीच्या स्वतःच्या वास्तव्यावर ठरते. तिला तिथे कायम राहण्याचा हक्क असावा लागतो, आणि कोर्सच्या आधीची किमान ३ वर्षं ती तिथे राहिलेली असावी लागते, तीही निव्वळ शिक्षणासाठी नव्हे. मामा ब्रिटिश नागरिक असले तरी भाची परदेशी विद्यार्थिनीच राहते. लेस्टरला मेडिकल स्कूल आहे, तिथेच प्रवेश मिळाला तर राहण्याचा खर्च वाचेल, एवढाच मामांचा आर्थिक आधार. पण त्या आशेने कॉलेज निवडू नका.

आता पैसे, कारण हे गणित बसलं नाही तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. ब्रिटिश मुलांना इंग्लंडमध्ये वर्षाला साधारण साडेनऊ हजार पौंड फी पडते. परदेशी मुलांना तोच कोर्स बहुतेक ठिकाणी ४० ते ६० हजार पौंडांना पडतो, केंब्रिजसारख्या ठिकाणी त्याहूनही वर. काही कॉलेजं पहिली दोन-तीन वर्षं कमी फी घेतात आणि मुलं हॉस्पिटलमध्ये जायला लागली की एकदम वाढवतात, म्हणून फक्त पहिल्या वर्षाचा आकडा पाहून हिशेब मांडू नका. सरासरी ५० हजार धरले आणि राहण्या-खाण्याचे वर्षाला १४ हजार, तर ५ वर्षांचे ३ लाख २० हजार पौंड होतात. पौंड ११५ रुपयांचा धरला तर हे पावणेचार कोटींच्या जवळ जातं, आणि फी दरवर्षी वाढते ती वेगळी. मेडिकलसाठी परदेशी मुलांना मोठी शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते, पण मेडिकलच्या वेळापत्रकात ते पेलत नाही आणि त्यातून फी तर निघतच नाही. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँक तारणाशिवाय एवढी रक्कम देईल हे गृहीत धरू नका. ऑफर येण्याआधीच बँकेशी बोलून ठेवा.

इतके पैसे मोजायची तयारी असली तरी जागा थोड्याच. इंग्लंडमध्ये मेडिकलच्या एकूण जागांपैकी परदेशी मुलांसाठी साधारण साडेसात टक्के ठेवल्या जातात. म्हणजे बऱ्याच कॉलेजांत परदेशी जागांचा आकडा दोन अंकी, तोही लहान. काही कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. ९४ टक्क्यांची मुलगी तिथे ‘हुशार’ या सदरात येते, पण ऑफर न मिळालेल्यांच्या रांगेत बहुतेक सगळे तसेच असतात.

नीटचं उत्तर सरळ आहे: ब्रिटिश विद्यापीठाला नीट लागत नाही, पण तुम्हाला लागते. भारतीय नागरिकाने परदेशात मेडिकल केलं आणि पुढे भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट पात्र असणं बंधनकारक आहे. त्यात मेरिट लागत नाही, पात्रता पुरते, आणि परदेशी प्रवेशासाठी तो निकाल ३ वर्षं चालतो. म्हणून नीट सोडू नका, मात्र ७२० पैकी ६५०चा हट्ट सोडता येईल. तेवढा वेळ यूकॅटला मिळतो.

परतण्याचा विषय निघालाच आहे तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१चे नियम छापून जवळ ठेवा. परदेशातला कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, तो इंग्रजी माध्यमातला हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, पदवीनंतर त्या देशात प्रॅक्टिस करण्याचा परवाना मिळण्याजोगा हवा, भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि सगळं प्रवेशापासून १० वर्षांच्या आत पुरं व्हावं लागतं. शिवाय भारतातली पात्रता परीक्षा आहेच. ब्रिटनमधला ५ किंवा ६ वर्षांचा कोर्स महिन्यांच्या अटीत बसतो. पदवीधरांसाठीचा ४ वर्षांचा कोर्स ४८ महिन्यांचाच असतो, तो बसत नाही. बकिंगहॅम या खासगी विद्यापीठाचा साडेचार वर्षांचा कोर्स बरोबर काठावर येतो. खरी मेख इंटर्नशिपची आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासारखी इंटर्नशिप पदवीच्या आत नसते. पदवी मिळाली की जनरल मेडिकल कौन्सिलची, म्हणजे तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, तात्पुरती नोंदणी होते, मग एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत पगारी डॉक्टर म्हणून पहिलं फाउंडेशन वर्ष (वर म्हटलेलं फाउंडेशन इयर नव्हे), आणि ते पार पडलं की पूर्ण नोंदणी. हे वर्ष ‘त्याच संस्थेतली इंटर्नशिप’ म्हणून धरलं जाईल का, हे ज्या विद्यापीठांचा विचार करत आहात त्यांची नावं घालून आयोगाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. मेळ्यातल्या माणसाच्या तोंडी खात्रीला इथे काडीची किंमत नाही.

बोर्डाबद्दल. बारावीच्या गुणांवर प्रवेश देणारी मेडिकल स्कूल्स आहेत, पण सगळी नाहीत. काहींना सीबीएसई किंवा आयएससीची बारावी चालते, काही महाराष्ट्र बोर्डालाही हो म्हणतात पण टक्केवारी जास्त मागतात, आणि काहींना ए-लेव्हल किंवा आयबी हे बारावीच्या तोडीचे परदेशी अभ्यासक्रमच हवे असतात. विद्यापीठाच्या ‘इंडिया’ या पानावर लिहिलेलं साधारण इतर कोर्सेससाठी असतं, मेडिकलची अट निराळी असते. म्हणून प्रवेश कार्यालयाला ईमेल करून बोर्डाचं पूर्ण नाव, विषय आणि दहावीचे गुण देऊन विचारा: ‘या पात्रतेवर थेट पहिल्या वर्षाला अर्ज करता येईल का, आणि प्रत्येक विषयात किती गुण लागतील?’ केमिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्ही बारावीला असतील तर विषयांची अडचण सहसा येत नाही. इंग्रजीसाठी मेडिकलला आयईएलटीएस बहुधा ७ ते ७.५ लागते, आणि प्रत्येक भागात किमान किती हवं तेही ठरलेलं असतं. एका रायटिंगमध्ये अर्धा बँड कमी पडून ऑफर हातची जाते, म्हणून आयईएलटीएस शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

आता यूकॅट. तुमच्या मुलीचा अर्ज टिकणार की नाही, हे बव्हंशी इथे ठरतं. पूर्वी ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरिअल वगैरे बीमॅट नावाची वेगळी परीक्षा घेत. ती २०२३मध्ये शेवटची झाली आणि आता थेट बारावीनंतरच्या प्रवेशाला जवळपास सगळीकडे यूकॅटच लागते. नोंदणी उन्हाळ्यात उघडते, परीक्षा जुलै ते सप्टेंबरअखेर, वर्षातून एकदाच देता येते, भारतातही पिअरसन व्ह्यूच्या केंद्रांवर होते. २०२५मध्ये ब्रिटनबाहेरच्यांसाठी फी ११५ पौंड होती. गुण फक्त त्या वर्षीच्या अर्जाला चालतात. तुमची मुलगी बारावीत असतानाच्या १५ ऑक्टोबरला अर्ज जाणार, म्हणजे परीक्षा अकरावी संपल्यानंतरच्या जुलै-ऑगस्टमध्ये. बारावीनंतर बघू म्हणालात तर एक वर्ष गेलं.

परीक्षेचे चार भाग आहेत. व्हर्बल रीझनिंग: ११ उतारे, ४४ प्रश्न, २२ मिनिटं. डिसिजन मेकिंग: ३५ प्रश्न, ३७ मिनिटं. क्वांटिटेटिव्ह: ३६ प्रश्न, २६ मिनिटं. या तिन्हींचे मिळून ९०० ते २७०० गुण. पूर्वी आकृत्यांचा आणखी एक भाग होता, तो २०२५पासून काढून टाकला आहे, त्यामुळे त्याआधीची ३६००पैकीची आकडेवारी आणि जुनी पुस्तकं पाहून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. शेवटचा सिच्युएशनल जजमेंट: ६९ प्रश्न, २६ मिनिटं, त्याला गुण नसून बँड १ ते ४ मिळतो. बँड ४ आला तर काही विद्यापीठं बाकीचा अर्ज उघडतही नाहीत.

नीटच्या मुलांची गोची पहिल्याच भागात होते. एका उताऱ्याला २ मिनिटं आणि त्यात ४ प्रश्न, म्हणजे पूर्ण वाचायला वेळच नाही. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला नेमका शब्द, आकडा किंवा विशेषनाम पकडायचं आणि उताऱ्यात तेवढंच शोधायचं. दुसरी चूक अधिक चिवट आहे. समजा उताऱ्यात लिहिलं आहे, ‘गेल्या दहा वर्षांत शहरात सायकल चालवणारे वाढले. याच काळात पालिकेने नवे सायकलमार्ग बांधले.’ विधान येतं, ‘सायकलमार्गांमुळे सायकल चालवणारे वाढले.’ आपली मुलं पटकन ‘खरं’ म्हणतात, कारण ते पटण्यासारखं आहे. उत्तर मात्र ‘सांगता येत नाही’. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या एवढंच उतारा सांगतो, एकीमुळे दुसरी घडली असं कुठेही म्हणत नाही. सामान्य ज्ञान बाहेर ठेवून फक्त कागदावरच्या शब्दांना धरून चालायची सवय लागायला दीड-दोन महिने लागतात.

निगेटिव्ह मार्किंग नाही. नीटमध्ये सोडून दिलेला प्रश्न शहाणपणाचा असतो, इथे एकही उत्तर कोरं ठेवायचं नाही. अडलं की अंदाजाने पर्याय टिचकवायचा, फ्लॅग लावायचा आणि पुढे जायचं. क्वांटिटेटिव्हचं गणित दहावीचंच असतं: टक्केवारी, वेग, सरासरी, चलनाचे दर. अडचण पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरची असते. माऊसने एकेक आकडा दाबत बसलं तर वेळ तिथेच जातो, म्हणून सराव नंबर पॅड असलेल्या कीबोर्डवर करा, मोबाइलवर किंवा टॅबवर नव्हे. यूकॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर पूर्ण लांबीच्या मोफत सराव परीक्षा आहेत. त्यातल्या दोन शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा. दिवसाला दीड-दोन तास, सहा ते आठ आठवडे, एवढं पुरतं. त्याहून लांबवलं तर वेग वाढत नाही, कंटाळा वाढतो.

परीक्षा संपली की गुण त्याच दिवशी हातात पडतात, आणि अर्जाची मुदत त्यानंतर असते. ही सोय फार मोलाची आहे, पण बरेच जण ती वाया घालवतात. यूकासवर मेडिकलची चारच नावं टाकता येतात. पाचवी जागा मेडिकलेतर कोर्सला ठेवलेली असते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच वर्षी दोन्ही भरता येत नाहीत. ही चार नावं रँकिंग पाहून टाकणं हा सगळ्यात महाग पडणारा हट्ट. प्रत्येक मेडिकल स्कूल मुलाखतीला बोलवायची चाळणी वेगळी लावतं. ब्रिस्टल यूकॅटलाच निर्णायक मानत आलं आहे, न्यूकासल यूकॅटची किमान रेषा ठरवून त्याखालचे अर्ज बाजूला काढतं, तर इतर काही ठिकाणी शाळेचे गुण आणि यूकॅट यांची बेरीज होते. २०२५मध्ये यूकॅटची सरासरी १९०० गुणांच्या आसपास होती. मुलीला २२००च्या पुढे मिळाले तर यूकॅटला झुकतं माप देणारी दोन-तीन नावं घ्या. १९००च्या आसपास असेल तर रेषेवर चालणारी कॉलेजं टाळा आणि दहावी-बारावीच्या गुणांना वजन देणारी शोधा. प्रत्येक कॉलेजला विचारायचे आकडे दोनच: गेल्या वर्षी मुलाखतीला बोलावलेल्या परदेशी उमेदवारांचा सर्वांत कमी यूकॅट किती होता, आणि परदेशी जागा किती. ब्रिटिश मुलांचा कटऑफ पाहून फसू नका, परदेशी मुलांचा बहुधा वर असतो.

अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनमधले संध्याकाळचे ६, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. बाकी कोर्सेसना जानेवारीपर्यंत वेळ असतो, त्यामुळे गाफील राहणारे बरेच.

अर्जातली सर्वांत कच्ची कडी आपल्याकडे कॉलेजची असते. यूकासला शिक्षकाचं संदर्भपत्र लागतं, आणि त्यात बारावीचे अपेक्षित गुण विषयवार द्यावे लागतात. इंटिग्रेटेड क्लासमध्ये मुलीचं नाव एका ज्युनिअर कॉलेजात असतं आणि शिकते ती भलतीकडे. कॉलेजातल्या एकाही शिक्षकाने तिला वर्गात पाहिलेलं नसेल तर संदर्भपत्र काय लिहिणार? क्लासचा शिक्षक त्या जागी चालत नाही, नातेवाईक तर नाहीच. शाळा-कॉलेजातल्या जबाबदार व्यक्तीचंच पत्र लागतं. म्हणून याच महिन्यात प्राचार्यांना भेटा, केमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या शिक्षकांना सांगा की ऑक्टोबरपर्यंत अपेक्षित गुण द्यायचे आहेत, आणि मुलीला तिथल्या घटक चाचण्या, सहामाही, प्रॅक्टिकल सगळं द्यायला लावा. अंदाज त्याच कागदांवरून मांडला जातो. शिक्षक प्रेमापोटी ९९ टक्के लिहायला निघाले तर हात जोडून थांबवा. फुगवलेल्या आकड्यांवर ऑफर मिळाली तरी ती सशर्त असते, आणि निकाल अटीपेक्षा कमी लागला की हातातली जागा जाते.

नावाचंही पाहून घ्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर वेगळं असतं, काही वेळा वडिलांचं नाव गिव्हन नेममध्येच घुसलेलं असतं. यूकॅट, आयईएलटीएस, यूकास सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव टाका. परीक्षाकेंद्रावर नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी परत मिळत नाही.

पर्सनल स्टेटमेंट आता सलग निबंध राहिलेला नाही. २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत: हा विषय का, अभ्यासातून तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं. मिळून स्पेससकट ४००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा मोह टाळा, यूकास साम्य तपासणारं सॉफ्टवेअर वापरतं. २००७मध्ये त्यांनी तपासणी केली तेव्हा २३४ अर्जांत आठव्या वर्षी पायजम्याला भोक पाडून घेतल्याची एकच गोष्ट सापडली होती, सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून उचललेली. तिसऱ्या प्रश्नासाठी ओळखीच्या सर्जनबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहण्याची धडपड नको. वृद्धाश्रमात, दिव्यांग मुलांच्या शाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दर आठवड्याला दोन तास, सलग चार-सहा महिने जाणं जास्त वजनदार. तिने काय पाहिलं, त्यातून तिला स्वतःबद्दल काय कळलं हे तिने त्याच दिवशी वहीत टिपावं, कारण मुलाखतीत तेच विचारतात.

मुलाखती डिसेंबर ते मार्च. परदेशी मुलांच्या बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन होतात. त्या बरोबर आपल्या पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल आणि लेखी परीक्षेच्या तोंडावर येतात, तेव्हा बोर्डाचा अभ्यास डिसेंबरपर्यंत आटोक्यात आणा. ऑक्सफर्ड-केंब्रिजला प्राध्यापक विज्ञानातले प्रश्न विचारत पुढे नेतात. बाकी बहुतेक ठिकाणी एमएमआय असते, म्हणजे पाच-आठ मिनिटांची छोटी छोटी स्टेशनं एकामागून एक. एखाद्या स्टेशनला प्रश्न असा येतो: तुमच्या वर्गमित्राच्या तोंडाला वॉर्डात सकाळी दारूचा वास येतो आहे, तुम्ही काय कराल? आपल्याकडची मुलं एक तर ‘लगेच तक्रार करीन’ म्हणतात किंवा ‘मित्र आहे, समजावीन’. परीक्षकाला क्रम ऐकायचा असतो. आधी रुग्ण सुरक्षित, म्हणून मित्राला तिथून बाजूला घ्यायचं. मग त्याच्याशी एकांतात बोलायचं, कारण दारूशिवाय दुसरं काही कारण असू शकतं. मग वरिष्ठांना कळवायचं, शक्यतो त्याने स्वतः कळवावं असं सुचवून, पण त्याने नाही म्हटलं तरी कळवायचंच. आणि त्याला मदत कुठे मिळेल तेही सांगायचं. जनरल मेडिकल कौन्सिलची ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ ही पुस्तिका मोफत मिळते, ती दोनदा वाचून घेतली की असल्या बहुतेक प्रश्नांचा सांगाडा तयार होतो. मामांची खरी मदत इथे. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर इंग्रजीतून असे प्रश्न विचारायला आणि घड्याळ लावायला त्यांना सांगा.

ऑफर आली तर ती सशर्त असेल: बारावीचे गुण, आयईएलटीएस, आरोग्य तपासणी, पोलीस पडताळणी. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस पुरे व्हायला वेळ लागतो, जुने लसीकरणाचे कागद आत्ताच शोधा. व्हिसासाठी ट्यूबरक्युलोसिसची चाचणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातूनच करावी लागते, गावातला एक्स-रे चालत नाही. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसायला हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जातो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड असून सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या वेळी एकदम भरावा लागतो. व्हिसा कोर्सपेक्षा काही महिने जास्तीचा असतो, त्यामुळे ५ वर्षांच्या कोर्सला तो ४ हजार पौंडांच्या वर जातो, आणि मेळ्यातल्या पत्रकात हा आकडा सहसा नसतो.